माहेरची मोटार सासरी आणताना



माहेरचं घर रिकामं करायची वेळ आली, की पितळेची घंगाळं, शिसवी पाट, आजीची पेटी यांची वाटणी बायका मोठ्या हौसेने करतात. पण मागच्या शेडमध्ये दहा-बारा वर्षं उभी असलेली वडिलांची मोटार? तिच्याकडे सगळे बघतात आणि नजर वळवतात. पुण्याच्या एका भगिनीने नेमकं याच विषयावर विचारलं आहे. माहेर इंदूरचं. वडिलांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षांत जागची हललेली नाही. घराचा ताबा दोन महिन्यांत द्यायचाय. भाऊ म्हणतो, भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ. यजमान म्हणतात, न चालणारी गाडी सहाशे किलोमीटर आणणार कशी? आणि बाईंना तर ती गाडी भंगारात जाताना बघवणार नाही.

गाडी आणता येते. मात्र पाहुण्यांना घेऊन येण्यासारखं ते सोपं नाही. लग्नाच्या रुखवतासारखी आधीपासून नीट यादी करावी लागते. आज तेवढंच बघू या.

आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा

एक, गाडी ठेवणार कुठे? सोसायटीत एकच जागा असेल आणि तिथे रोजची गाडी उभी राहत असेल, तर जुनी गाडी उन्हापावसात रस्त्यावर सडेल. इंदूरच्या शेडमध्ये ती सुरक्षित तरी होती.

दोन, तिला हात लावणारा मिस्त्री गावात आहे का? आपल्याकडच्या घरांत जिला सरसकट ‘फियाट’ म्हणतात ती गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघायची. पुढे १९७४ मध्ये तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळालं आणि २००१ पर्यंत ती बनत राहिली. अॅम्बॅसडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. त्यामुळे दोन्हींची माहिती असलेले वयस्क मिस्त्री अजून सापडतात, पण प्रत्येक गल्लीत नाही. गाडी आणण्याआधी मिस्त्री शोधा, आणल्यावर नव्हे.

तीन, ती दुरुस्त करायला किती खर्च सोसवेल? आणायचं भाडं हा सुरुवातीचा खर्च आहे. ब्रेक, टायर, रबरी नळ्या, वायरिंग, सीट, पत्रा हे सगळं त्याच्यामागून येतं.

तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर मनाला लावून घेऊ नका. जुन्या गाड्या हौसेने जपणारी माणसं देशभर आहेत. भंगारवाल्यापेक्षा अशा हातात गाडी गेली तर ती जगेल. पण एका जरी प्रश्नाचं ठाम ‘हो’ आलं आणि बाकीच्यांची सोय होण्यासारखी असेल, तर पदर खोचा.

चाकाच्या आधी कागद

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. गाडी ट्रकवर चढवायला दोन तास लागतात. कागद राहून गेले तर दोन वर्षं लागतात.

वडील गेले तरी गाडी अजून त्यांच्याच नावावर असते, हे बहुतेक घरांत लक्षातच येत नाही. नियम असा, की मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी बुक आणि वारसांची संमती लागते. मुदत उलटली असेल तर उशिराचा दंड पडू शकतो, पण म्हणून काम सोडून देऊ नका.

आणि इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा आहे. मुलींचा हा हक्क १९५६ पासूनचा. म्हणजे भावाने एकट्याने गाडी भंगारात काढणं जसं बरोबर नाही, तसं तुम्ही कोणाला न विचारता ती ट्रकवर चढवणंही बरोबर नाही. आई आणि भावंडांकडून ‘गाडी हिच्या नावावर व्हायला हरकत नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लेखी घ्या. आज सगळे एका पंगतीला जेवताहेत तोवर सही मिळते. घर विकून पैसे वाटले गेले, की तीच सही महाग होते.

आता नोंदणी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ही फी दहा हजार रुपये केली गेली. जाण्याआधी चालू फी विचारून घ्या. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. तेव्हा कोणी हौशी पुतण्या म्हणाला, ‘आत्या, बॅटरी घालून चालू करतो, चालवतच नेऊ’, तर त्याला चहा द्या आणि बसवून ठेवा.

गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायमची जाणार असेल, तर मूळच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला लागतो. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली, की तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि तिथला कर भरावा लागतो. आमच्या भगिनीच्या बाबतीत म्हणजे इंदूरचा दाखला आणि पुण्याची नोंदणी. पण नोंदणी संपलेली असेल तर दाखला देण्याआधी इंदूरचं कार्यालय काय मागतं, गाडी समोर आणायला सांगतं का, हे गाडी हलवण्यापूर्वीच विचारा. गाडी पुण्यात आणि तपासणी इंदूरला, असं झालं तर भाडं दोनदा भरावं लागेल. आणखी एक, फार जुन्या गाड्यांची नोंद कित्येकदा जाड रजिस्टरातच राहिलेली असते, संगणकावर चढलेली नसते. ती आधी चढवून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी बुक जिवापाड जपा. ते हरवलं असेल तर दुसरी प्रत मिळवणं हे पहिलं काम.

गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली असतील आणि ती मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘विंटेज’ म्हणून तिची वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अशा गाडीने रोज भाजी आणायला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढायची. १९७९ ची पद्मिनी २०२९ मध्ये पन्नाशी गाठेल. तोवर साधे नियमच लागू.

‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय?

वाहतूकवाल्याला फोन करून नुसतं ‘गाडी बंद आहे’ म्हणू नका. डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं होतं ते. त्याला चार गोष्टी कळायला हव्यात.

१. चारही चाकं फिरतात का?
२. स्टिअरिंग वळतं का?
३. गिअर न्यूट्रलमध्ये पडतो का?
४. ब्रेक लागतो का, आणि लागलेला सुटतो का?

इंजिन पार आखडलेलं असलं तरी वाहतुकीला फारसं अडत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये असला आणि चाकं फिरत असली, की गाडी ढकलता येते. चाक आखडलं तर मात्र खोळंबा. वर्षानुवर्षं हॅन्डब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल, तर मागचे ब्रेक आत ड्रमला चिकटून बसतात. मग माणसं जोर लावून ओढतात आणि काहीतरी मोडतं. ट्रक यायच्या आठवडाभर आधी स्थानिक मिस्त्री बोलवा. तो ब्रेकचं अॅडजस्टमेंट ढिलं करून, ड्रमवर हलके ठोके देऊन चाक मोकळं करतो. टायरमध्ये हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी हवा उतरली असेल, तर जुन्या बाजारातून चालतील अशी चाकं तात्पुरती लावून घ्या. चाक काही केल्या सुटतच नसेल, तर त्याच्याखाली घालायच्या लोखंडी ट्रॉल्या मिळतात. पण त्या आणायला वाहतूकवाल्याला आधी सांगावं लागतं.

याच मिस्त्रीकडून गाडीखालचा पत्राही बघून घ्या. गंजून चाळण झाली असेल, तर आकडा कुठे अडकवायचा आणि जॅक कुठे लावायचा यावर त्याला खडूने खुणा करायला सांगा. गंजक्या जागी आकडा टाकला आणि विंच फिरवली, तर आकडा येतो आणि गाडी जागीच राहते!

कोणती गाडी बोलवायची?

दोरीने टोचन करून नेणं जवळच्या गॅरेजपर्यंत ठीक. सहाशे किलोमीटरला तो विचारही नको. पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर ओढत नेणंही लांबच्या पल्ल्याला नको. अकरा वर्षं उभ्या असलेल्या बेअरिंगचं ग्रीस सुकलेलं असतं.

पहिला पर्याय म्हणजे एकाच मोटारीपुरती सपाट पाठीची गाडी. तिची पाठ कलती होते आणि विंचने मोटार वर ओढली जाते. बंद गाडीसाठी ही सगळ्यात सोयीची आणि गल्लीतही शिरते, पण भाडं सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यावर.

दुसरा पर्याय, अनेक मोटारी एकत्र नेणारा मोठा बंद ट्रेलर. यात भाडं वाटलं जातं, ऊनपाऊस लागत नाही. पण तो भरेपर्यंत थांबावं लागतं आणि त्यात मोटारी बहुधा चालवतच चढवतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, ‘तुमच्याकडे विंच आहे का?’ ‘येऊ द्या, बघू’ असं उत्तर आलं तर तो नंबर खोडा. दुसरा प्रश्न, ‘घरपोच म्हणजे नेमकं कुठपर्यंत?’ मोठा ट्रेलर जुन्या पेठेत शिरत नाही, शहरांत दिवसा अवजड वाहनांना बंदी असते. गाडी गावाबाहेरच्या डेपोत उतरवली, तर तिथून घरापर्यंतचा खर्च कोणाचा, हे आधीच लिहून घ्या.

पावसाळ्यात उघड्या गाडीवरून पाठवायचं टाळा. दारांची रबरं कडक झालेली असतात, पाणी आत जातं. आणि उघड्या गाडीवर मोटारीला कापडी कव्हर घालून पाठवू नका. वाऱ्याने ते फडफडतं आणि रात्रभर रंगावर घासत राहतं. मुक्कामी पोचेपर्यंत टपावर ओरखडे पडलेले असतात.

निघण्याआधीची तयारी

लोणच्याची बरणी गावाला नेताना आपण दादरा घट्ट बांधतो, बाजूने कापड कोंबतो, मगच पिशवीत ठेवतो. इथेही तेच.

बॅटरी असेल तर काढा. टाकीतलं जुनं पेट्रोल मिस्त्रीकडून उपसून घ्या. सीटखाली उंदरांनी घर केलं असेल, डिकीत गांधीलमाश्यांचं पोळं असेल, ते उजेडात साफ करा. चाकांच्या चकचकीत टोप्या, आरसे, वायपर, जुना रेडिओ, जॅक, पाने असं जे जे सुटतं ते काढून, नावाच्या चिठ्ठ्या लावून स्वतःबरोबर आणा. या गाड्यांचे सुटे भाग हरवले तर दुकानात जाऊन मिळत नाहीत. दारं-काचा नीट लागत नसतील तर रंगाला न चिकटणाऱ्या टेपने बांधा. आणि मोकळी जागा दिसते म्हणून गाडीत घरातली भांडीकुंडी, गाद्या भरू नका. वजन वाढतं, चोरी झाली तर दाद मागता येत नाही.

मग दिवसाउजेडी फोटो काढा. चारही बाजू, टप, आतली सीटं, किलोमीटरचा आकडा, इंजिन नंबर, चेसिस नंबर. जिथे आधीच पोचा किंवा गंज आहे तिथले जवळून. गाडी चढवतानाचा व्हिडिओ करा. ड्रायव्हरसमोर यादी करून त्याची सही घ्या. यात अविश्वास नाही, वाण्याकडे वजन करून घेतो तसंच हे.

चढवल्यावर पट्टे कुठे बांधतात हे उभं राहून बघा. पट्टे चाकांवरून बांधलेले असावेत, चारही कोपऱ्यांना. जुन्या चकचकीत बंपरला पट्टा बांधला तर बंपर वाकलाच म्हणून समजा. पद्मिनीचं वजन साधारण ९०० किलो. घाटात ते सगळं वजन पट्ट्यांवर येतं. सेंधवा सोडल्यावर बिजासनचा घाट उतरून गाडी शिरपूरकडे येते. ‘तिथे थांबून पट्टे तपासा आणि मला एक फोटो पाठवा’ असं ड्रायव्हरला सांगा. हातावर चहापाण्याचे पैसे ठेवून सांगितलं तर तो नक्की पाठवतो.

पैसे, बिल्टी आणि विमा

भाव तीन ठिकाणी विचारा आणि तिन्ही ठिकाणी तीच माहिती द्या. फार स्वस्त सांगणाऱ्याकडे संशयाने बघा. थोडक्या आगाऊ रकमेवर गाडी न्यायची आणि अर्ध्या वाटेत ‘आणखी पैसे टाका, नाहीतर गाडी इथेच’ म्हणायचं, असे प्रकार घडतात. वाहतूकवाल्याचा जीएसटी क्रमांक घ्या. सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की खरं नाव दिसतं. पाटीवरचं, पावतीवरचं आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे ना, हे बघा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. काही भाग गाडी उतरवून, तपासून झाल्यावरच द्यायचा, हे ठरवताना सांगा.

बिल्टी, म्हणजे माल पोचवण्याची पावती, घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. तिच्यावर ‘बंद स्थितीतील वापरलेली खाजगी मोटार, विक्रीसाठी नाही’ असं लिहून घ्या. आरसी बुक आणि वारसांच्या संमतीची प्रत ड्रायव्हरजवळ द्या, मूळ कागद तुमच्या पर्समध्ये.

आता विमा. वाहतूकवाला म्हणतो, ‘ताई, जबाबदारी आमची.’ कायदा काय म्हणतो ते ऐका. मालाची जास्त किंमत आधी लेखी जाहीर केलेली नसेल, तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या नियमांप्रमाणे त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. समजा भाडं वीस हजार, तर दोन लाखांच्या वर काही मागता येत नाही. म्हणून गाडीची किंमत बुकिंगच्या कागदावर लिहाच, आणि त्या प्रवासापुरता वेगळा विमा उतरवा. ‘विम्यासकट’ असं तो म्हणाला, तर विम्याच्या कागदावर तुमच्या गाडीचा नंबर आणि किंमत आहे का, ते बघा. नुकसान झालंच तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरची बोलाचाली त्यात धरत नाहीत.

गाडी दारात आली

पाहुणे जमतात, मुलं नाचतात, कोणीतरी किल्ली मागतं. देऊ नका! आधी उजेडात फोटोंशी ताडून बघा, जे नवं दिसेल ते बिल्टीच्या प्रतीवर लिहा, मगच सही आणि उरलेले पैसे.

मिस्त्रीला कामाचा क्रमही सांगा. पहिल्यांदा ब्रेक, म्हणजे नळ्या, सिलिंडर, तेल. आधी थांबायची सोय, मग धावायची. नंतर टाकी आणि कार्बोरेटर साफ, इंजिन ऑइल नवं. स्पार्क प्लग काढून भोकांतून थोडं तेल सोडायचं, इंजिन हाताने हळू फिरवून मोकळं करायचं, आणि त्यानंतरच स्टार्टर. घाईने किल्ली फिरवली तर अकरा वर्षं टिकलेलं इंजिन एका मिनिटात खलास होतं.

एक शेवटचं, यजमानांसाठी नाही, तुमच्यासाठी. एवढी धावपळ तुम्ही करणार, दागिन्याचा हप्ता मागे ठेवून भाडं तुम्ही भरणार, तर आरसी बुकावर नावही तुमचंच लागू द्या. ‘ह्यांच्या नावावर सोपं पडेल’ असं कोणी म्हणेल. अर्ज तोच, खिडकी तीच, आणि रांगेत उभं राहायचंय तेही तुम्हालाच. फॉर्मवर वारस म्हणून लेकीचं नाव लिहायला जागा तेवढीच लागते.

पुढच्या अंकात जुन्या सागवानी कपाटांना लागलेली वाळवी आणि तिचा बंदोबस्त. पत्रं येऊ द्या.